जहाज बंदरात, प्रवासी जहाजावरच

जबलपूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर नर्मदेवर बरगी धरण आहे. धरणामागील विस्तीर्ण जलाशयात मध्य प्रदेशच्या पर्यटन विकास महामंडळाने क्रूझ बोट सुरू केली आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहराला जलसफरीची नवी ओळख झाली. ही बोट धक्क्यावरून सुटे, जलाशयात फेरी मारी आणि त्याच धक्क्यावर परत येई. वाटेत बंदर नव्हते. त्यामुळे उतरावे की उतरू नये, हा प्रश्नच प्रवाशांपुढे नसे. नागपूर-विदर्भातील पर्यटकांच्या परिचयाच्या भेडाघाटातही असेच घडते. पंचवटी घाटावर नावेत बसायचे, संगमरवरी कड्यांमधून फिरून यायचे आणि पुन्हा त्याच घाटावर उतरायचे.

समुद्रातील पर्यटक जहाजांची गोष्ट वेगळी आहे. ही जहाजे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात आणि प्रत्येक ठिकाणी काही तास थांबतात. प्रवाशांनी खाली उतरावे, गाव पाहावे आणि संध्याकाळपर्यंत परत यावे, अशी या सफरींची आखणी असते. तरीही प्रत्येक बंदरात काही प्रवासी जहाजावरच राहणे पसंत करतात. पैसे खर्च करून दूरदेशी जायचे आणि तेथील जमिनीवर पाऊलही ठेवायचे नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. या निवडीमागील कारणे, तिचे नियम आणि ही निवड ज्यांना उपलब्ध नसते अशांची स्थिती समजून घेणे उद्बोधक ठरेल.

जबलपूरशी जोडलेला एक प्रवासी

न उतरणारा प्रवासी ही आजच्या काळाची निर्मिती नव्हे. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १८७० मध्ये, मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपूर येथे जोडण्यात आला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन बंदरे लोहमार्गाने एकमेकांना जोडली गेली आणि पृथ्वीप्रदक्षिणेचा कालावधी कमालीचा घटला.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या इंग्रज गृहस्थाची कादंबरी १८७२ मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली, ती या पार्श्वभूमीवर. तिचा नायक फिलिअस फॉग सुएझ बंदरात पारपत्रावर शिक्का घेण्यापुरता उतरतो आणि लगेच आपल्या खोलीत परततो. शहर पाहण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. त्याचा नोकर मात्र बाजारात हिंडून येतो. वाचकांना फॉग विक्षिप्त वाटला, तरी त्याच्यापाशी एक गोष्ट निश्चित होती. जहाजाची शिडी त्याच्यासाठी खुली होती. तो उतरत नव्हता, कारण त्याला उतरायचे नव्हते.

न उतरण्याची कारणे

आजच्या प्रवाशांची कारणे अधिक व्यावहारिक असतात. बहुतेक प्रवासी किनाऱ्यावर गेल्याने एरवी गजबजलेले जहाज त्या दिवशी शांत होते. पोहण्याचा तलाव, वाचनालय आणि भोजनकक्ष मोकळे असतात. ज्यांनी ते बंदर पूर्वी पाहिले आहे, त्यांना पुन्हा उन्हात फिरण्याची इच्छा नसते. वयोवृद्ध आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्यांना शिडीची चढउतार नकोशी वाटते. काहींना किनाऱ्यावरील सहलींचे जादा शुल्क परवडत नाही.

ज्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही, तेथे ही अडचण वाढते. जहाज खोल पाण्यात नांगरले जाते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेण्यात येते. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि उथळ पाणी असल्याने तेथे ही पद्धत अवलंबावी लागते. हलत्या जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकणे सर्वांनाच जमते असे नाही.

कोकणच्या जुन्या पिढीला हे दृश्य नवे नाही. गेल्या शतकात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत गोव्याकडे जात. अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव किंवा होड्या उतारूंना न्यायला येत. पुढच्या बंदराचे उतारू कठड्याशी उभे राहून ही लगबग पाहत असत. त्यांचे गाव अजून यायचे असे.

नियम आणि खर्च

जहाजावर राहण्यासाठी सामान्यतः वेगळी परवानगी लागत नाही. जहाज सोडताना आणि परतताना प्रत्येक प्रवाशाच्या ओळखपत्राची यंत्राद्वारे नोंद होते. त्यामुळे जहाजावर किती जण आहेत आणि बाहेर किती गेले आहेत, हे अधिकाऱ्यांना नेमके ठाऊक असते. मात्र काही बंदरांत स्थलांतर विभागाच्या तपासणीसाठी सर्वांना एकदा खाली उतरावेच लागते. अशा वेळी न उतरण्याची सवलत मिळत नाही.

व्हिसाबाबत मोठा गैरसमज आढळतो. उतरायचे नसेल तर व्हिसा लागत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात काही देश त्यांच्या बंदरात येणाऱ्या जहाजावरील प्रत्येक प्रवाशाकडे व्हिसा असावा असा आग्रह धरतात, मग तो उतरो वा न उतरो. व्हिसा नसल्यास कंपनी अशा प्रवाशाला पहिल्याच बंदरात जहाजावर घेण्यास नकार देऊ शकते. म्हणून परदेशी बंदरे घेणाऱ्या सफरीचे तिकीट काढण्यापूर्वी मार्गावरील प्रत्येक देशाचा नियम तपासणे आवश्यक ठरते. मुंबई ते गोवा यासारख्या देशांतर्गत सफरीत भारतीय नागरिकांना हा प्रश्न येत नाही.

खर्चाचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. प्रवासी उतरला नाही म्हणून बंदराचे शुल्क सहसा परत मिळत नाही, कारण ते जहाजावरील माणशी आकारलेले असते. जहाजाने ते बंदरच वगळले, तर मात्र ही रक्कम परत करण्याची प्रथा आहे. शिवाय बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर सर्व सुविधा सुरू नसतात. किनारी देशाच्या सागरी हद्दीत त्या देशाचे कायदे लागू होत असल्याने करमुक्त दुकाने आणि द्यूतगृहे बहुधा बंद ठेवली जातात.

बंदराविना सफर

प्रवाशांना जहाजच पुरेसे वाटते हे ओळखून काही कंपन्यांनी बंदर नसलेल्या सफरीही सुरू केल्या. कोविड महामारीच्या काळात सिंगापूरने नोव्हेंबर २०२० मध्ये अशा सफरींना परवानगी दिली. जहाज खुल्या समुद्रात जाई आणि कोठेही न थांबता सिंगापूरलाच परते. मुंबईहून सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या कॉर्डेलिया कंपनीच्या सफरींमध्ये गोवा आणि लक्षद्वीपबरोबर केवळ खोल समुद्रात जाऊन परतण्याचाही पर्याय होता. बरगीच्या बोटीचे तत्त्वच येथे मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले, असे म्हणता येईल.

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून क्रूझ भारत मिशनचा प्रारंभ केला. २०२९ पर्यंत सागरी क्रूझ प्रवाशांची संख्या १० लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले आहे. त्यामुळे उतरण्या-न उतरण्याचा हा विषय यापुढे अधिक मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचणार आहे.

उतरता येत नाही तेव्हा

जहाजावर थांबणे ही नेहमीच आवडीची बाब नसते. जहाज आणि किनारा यांच्यात काही हातांचेच अंतर असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते फार मोठे असू शकते. मराठी वाचकांना याचे सर्वात परिचित उदाहरण मार्सेल्सचे आहे. विनायक दामोदर सावरकर यांना अटकेत इंग्लंडहून हिंदुस्थानात आणले जात असताना ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोट त्या फ्रेंच बंदरात उभी होती. सावरकरांनी बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. मात्र त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेण्यात आले. फ्रेंच भूमीवर पोहोचलेल्या व्यक्तीला असे परत नेता येते काय, हा वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११ मध्ये लवादाचा निर्णय ब्रिटनच्या बाजूने लागला. बोटीवर ते कैदी होते आणि किनाऱ्यावर आश्रय मागण्याची शक्यता होती; सारा वाद या अंतराचा होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये हे अंतर हजारो पर्यटकांच्या वाट्याला आले. जपानमधील योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस या जहाजावर कोविडचा संसर्ग आढळला आणि जहाजावरील ३,७११ जणांना तेथेच विलगीकरणात ठेवण्यात आले. त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील १३२ जण कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असताना त्यांच्या दारापर्यंत जेवण पोहोचवण्याचे काम हे कर्मचारीच करत होते.

दोन महिन्यांनंतर मुंबईतही असाच प्रसंग उद्भवला. मरेला डिस्कव्हरी या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी एप्रिल २०२० मध्ये मुंबईजवळ पोहोचले. मात्र टाळेबंदीमुळे त्यांना लगेच उतरता आले नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २१ एप्रिल रोजी खलाशांच्या चढण्या-उतरण्याबाबत कार्यपद्धती जाहीर केली आणि त्यानंतर २३ एप्रिलला त्यांचा किनाऱ्यावर येण्याचा मार्ग मोकळा झाला. स्वतःच्याच देशाचा किनारा समोर दिसत असताना त्यांना थांबावे लागले होते. जगभरात तर त्या वर्षी कराराची मुदत संपूनही जहाजावर अडकलेल्या खलाशांची संख्या सुमारे चार लाखांवर गेल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने वर्तविला होता.

कर्मचाऱ्यांचा हक्क

या घटनांमुळे एका जुन्या हक्काकडे लक्ष वेधले गेले. खलाशांच्या कामाविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, कामाच्या गरजांना बाध न आणता, खलाशांना त्यांच्या आरोग्यासाठी किनारा रजा देणे बंधनकारक आहे. भारताने या कराराला ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली. विश्रांतीचे तासही त्यात ठरवून दिलेले असून, त्यानुसार २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी, असा दंडक आहे.

तथापि पर्यटक जहाज बंदरात असताना कर्मचाऱ्यांची कामे संपत नाहीत. शिधासामग्री चढवणे, इंधन भरणे, दुरुस्ती, सुरक्षेचा सराव ही कामे याच वेळेत उरकावी लागतात. आणीबाणीच्या प्रसंगासाठी ठरावीक संख्येने कर्मचारी जहाजावर असणे अनिवार्य असते. त्यात जे प्रवासी जहाजावर थांबतात, त्यांची सेवाही सुरू ठेवावी लागते. म्हणजे प्रवाशाने न उतरण्याचे ठरवले की, कोणा एका कर्मचाऱ्याचे उतरणेही लांबणीवर पडू शकते. गोवा आणि कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे या जहाजांवर नोकरीस आहेत. त्यांच्यासाठी बंदरातील दोन मोकळे तास म्हणजे घरी दूरध्वनी करण्याची आणि जमिनीवर चालण्याची संधी असते.

किनाऱ्यावरचे लोक

या व्यवहारातील तिसरा घटक म्हणजे किनाऱ्यावरचे लोक. जहाज आले की टॅक्सीचालक, वाटाडे, खानावळी आणि दुकानदार यांना रोजगार मिळतो. मात्र तो प्रवासी उतरले तरच. बंदरात उभे राहिलेले जहाज विजेसाठी सहसा स्वतःची इंजिने चालू ठेवते आणि त्याचा धूर शहराला सोसावा लागतो. व्हेनिससारख्या शहरांत याउलट, एकाच वेळी फार लोक उतरल्याने आणि मोठ्या जहाजांमुळे त्रास वाढला. ऑगस्ट २०२१ पासून इटलीने तेथील मुख्य जलमार्गांत मोठ्या जहाजांना बंदी केली. कोठे प्रवासी हवे असतात, कोठे ते जास्त होतात. ते न उतरण्याचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो.

बरगीच्या जलाशयात हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात समोर येतो. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी हे आरंभीचे धरण. १९९० मध्ये ते भरले, तेव्हा जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. जलाशयाच्या काठी राहिलेल्या विस्थापितांनी मासेमारीच्या हक्कासाठी लढा दिला आणि १९९४ मध्ये त्यांच्या सहकारी संघाकडे जलाशयातील मासेमारी सोपवण्यात आली. पर्यटकांची बोट ज्या पाण्यावरून गेली, त्याखाली अनेकांची शेते आणि घरे आहेत. तेथे उतरण्याजोगे बंदर नव्हते, कारण काठावरची गावे उठवावी लागली होती.

जहाजावर थांबणारा पर्यटक काही चुकीचे करत नाही. त्याने तिकीट काढलेले असते आणि विश्रांती हाच त्याच्या प्रवासाचा हेतू असू शकतो. मात्र त्याची विश्रांती सुखाची असते, ती शिडी खाली सोडलेली असल्यामुळे आणि हवे तेव्हा उतरता येईल याची खात्री असल्यामुळे. हीच खात्री जहाजावर राबणाऱ्या माणसालाही असावी, एवढी काळजी कंपन्या, बंदरे आणि सरकारे यांनी घेणे अपेक्षित आहे. प्रवाशानेही आपल्याला चहा आणून देणाऱ्या कर्मचाऱ्याला किनाऱ्यावर जायला कधी मिळणार आहे, हे एकदा विचारायला हरकत नाही.