संगणक सुरू न होणे

संगणक सुरू न होणे म्हणजे कळ दाबल्यानंतर संगणक वापरण्यायोग्य स्थितीपर्यंत न पोहोचणे. हा एकच बिघाड नसून अनेक बिघाडांचे समान लक्षण आहे. वीजपुरवठा, यंत्रभाग, हार्ड डिस्क आणि कार्यप्रणाली यांपैकी कोठेही अडथळा आल्यास ते दिसून येते. म्हणून सुरू होण्याची प्रक्रिया नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबली हे ओळखणे, ही निदानाची पहिली पायरी होय.

सुरू होण्याची प्रक्रिया

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. संगणकातील एसएमपीएस हा भाग तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. हा पुरवठा स्थिर झाल्याचा संकेत मिळाल्यावर प्रोसेसर मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस अथवा यूईएफआय हा प्रारंभिक प्रोग्रॅम चालवतो. तो रॅम, कळफलक आणि इतर भागांची तपासणी करतो. या तपासणीस 'पोस्ट' म्हणतात. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्येही ती होती आणि दोष आढळल्यास 'बीप' अशा आवाजांतून कळवला जाई. तपासणीनंतर हार्ड डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली रॅममध्ये आणली जाते.

वऱ्हाडातील परिस्थिती

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्याही वर जातो. मदरबोर्ड व एसएमपीएस यांतील कपॅसिटरमध्ये द्रवरूप रसायन असते. तापमान १० अंशांनी वाढल्यास त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. माथा फुगलेला कपॅसिटर हे अशा झिजेचे डोळ्यांना दिसणारे चिन्ह होय. धूळ पंख्याच्या पात्यांवर साचली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःच्या संरक्षणासाठी संगणक बंद करतो. खोलीत कूलर असल्यास त्याच्या दमट झोतापासून संगणक दूर ठेवणे आवश्यक असते, कारण ओलसर धूळ रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर चिकटते.

भारनियमनाच्या काळात अनेक घरांत इन्व्हर्टर आले. वीज जाताच इन्व्हर्टरवर पुरवठा वळण्यास क्षणभर लागतो. साध्या इन्व्हर्टरवर तेवढ्या अवधीत संगणक बंद पडू शकतो. कार्यप्रणालीच्या फायली लिहिल्या जात असताना असे घडल्यास पुढच्या वेळी ती सुरू होत नाही. यूपीएसमुळे हा धोका बराच कमी होतो.

लक्षणांवरून निदान

दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही: दोष वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता अधिक. त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. वायर व एसएमपीएसमागील बटण तपासावे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून सुरू करण्याची कळ सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावी व नंतर चार्जर पुन्हा जोडावा.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो: मॉनिटरची वायर तपासावी. त्यानंतर वीजजोडणी पूर्ण काढून रॅम बाहेर घ्यावी, तिच्या संपर्कपट्ट्या मऊ खोडरबराने पुसाव्यात आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. एकापेक्षा अधिक रॅमपट्ट्या असल्यास एकेक लावून पाहिल्याने सदोष पट्टी सापडते.

बूट डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो: प्रथम जोडलेला पेनड्राइव्ह काढावा. तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसल्यास मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा, बहुधा सीआर २०३२ जातीचा, सेल संपलेला असतो. भिंतीवरील बटण रोज बंद होणाऱ्या घरांत तो लवकर संपतो, कारण एरवी संगणक बंद असतानाही घड्याळाला मुख्य विजेचा आधार मिळत असतो. सेल संपल्यावर बायोसमधील नोंदी पुसल्या जाऊन बूटक्रम बदलू शकतो. बायोसमध्ये डिस्कचे नावच दिसत नसल्यास तिची वायर किंवा ती डिस्कच सदोष असू शकते.

विंडोजचे चिन्ह दिसते, पण पुढे जात नाही: यंत्राचा बराचसा भाग ठीक असून दोष बहुधा कार्यप्रणालीत किंवा डिस्कमध्ये असतो. सुरुवात सलग अपूर्ण राहिल्यास विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातून सेफ मोड निवडता येतो, नुकताच बसवलेला प्रोग्रॅम काढता येतो किंवा यंत्रणा आधीच्या स्थितीत नेता येते.

माहितीचे रक्षण

संगणक सुरू होत नाही म्हणजे त्यातील माहिती नष्ट झाली, असे नाही. कुटुंबाची छायाचित्रे, विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा दुकानाचा हिशेब डिस्कवर बहुधा सुरक्षित असतो. घाईने केलेल्या फॉरमॅटमुळेच तो पुसला जातो. म्हणून दुरुस्तीस देताना माहिती हवी असल्याचे स्पष्ट सांगणे हिताचे ठरते. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने संगणक सुरू करून फायली दुसरीकडे उतरवता येतात किंवा डिस्क दुसऱ्या संगणकास जोडता येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास मात्र ती वारंवार चालवू नये. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क कूटबद्ध असते. तेथे रिकव्हरी की नसल्यास फायली वाचता येत नाहीत. ती की आधीच कागदावर लिहून ठेवणे उचित असते.

दक्षता

संगणकाचे झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढणे अनिवार्य आहे. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ सुमारे ३०० व्होल्टपर्यंतचा प्राणघातक दाब साठून राहू शकतो.