नोकरीही आणि विश्वचषकही : सौरभ नेत्रावळकर

दहावीचे वर्ष सुरू झाले की आपल्या बरखेड्याच्या मैदानांवरची गर्दी हळूहळू कमी होऊ लागते. काल चेंडू टाकणारा हात आज शिकवणीची पिशवी घेऊन निघतो. बॅट कपाटावर जाते. पालकांचे काही चुकते असे आम्ही म्हणणार नाही, कारण आयुष्याचा प्रश्न असतो. पण "खेळ की अभ्यास?" हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो, म्हणून या अंकात आम्ही एका मराठी मुलाची हकीकत सांगणार आहोत. त्याने खेळ सोडला, देशही सोडला आणि परदेशात त्याला खेळ पुन्हा सापडला.

सौरभ नेत्रावळकर याचा जन्म 16 ऑक्टोबर 1991 रोजी मुंबईत झाला. तो डावखुरा मध्यमगती गोलंदाज. 2010 साली न्यूझीलंडमध्ये 19 वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा तो भारताच्या संघात होता. के. एल. राहुल, मयंक अग्रवाल आणि जयदेव उनाडकट हे त्याचे सोबती. त्या स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक बळी सौरभनेच घेतले. उपांत्यपूर्व फेरीत मात्र पाकिस्तानने भारताला 2 गडी राखून हरवले. त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम नावाचा एक मुलगा होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

क्रिकेट चालू असतानाच सौरभने मुंबईच्या सरदार पटेल तंत्रनिकेतन संस्थेतून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली. डिसेंबर 2013 मध्ये त्याला मुंबईकडून रणजी सामना खेळायला मिळाला. मुंबईच्या संघात शिरणे म्हणजे गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढण्यासारखेच. चढलो तरी उभे राहायला जागा मिळेल याची खात्री नसते. त्याची जागा पक्की झाली नाही. एकीकडे हातात पदवी होती, दुसरीकडे मनात क्रिकेट. या काळात त्याने खेळाडूंना स्वतःच्या कामगिरीचा हिशेब ठेवता यावा म्हणून एक मोबाइल प्रणाली तयार केली. क्रिकेट आणि संगणक या त्याच्या दोन्ही आवडी तिच्यात एकत्र आल्या होत्या.

2015 साली त्याने निर्णय घेतला आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश घेतला. क्रिकेट संपले असेच तेव्हा सर्वांना वाटले असणार. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याला कॅलिफोर्नियात ओरॅकल या संगणक कंपनीत नोकरी लागली.

पण खेळाची ओढ सुटत नाही ती नाहीच! सुटीच्या दिवशी तो स्थानिक सामने खेळू लागला. चांगल्या खेळपट्टीवर खेळायला मिळावे म्हणून शुक्रवारी काम आटोपून सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत सहा-सहा तास मोटारीने जाणे त्याने पत्करले.

आता विद्यार्थ्यांना प्रश्न पडेल की भारताकडून खेळलेला मुलगा अमेरिकेकडून कसा खेळू शकतो? आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमानुसार एखाद्या देशाकडून खेळण्यासाठी तीनपैकी एक गोष्ट पुरे असते : त्या देशात जन्म, त्या देशाचे नागरिकत्व, किंवा तेथे सलग तीन वर्षांचे वास्तव्य. अशा नियमामुळेच सौरभला अमेरिकेच्या संघाचे दार उघडले. 2018 मध्ये तो संघाचा कर्णधार झाला. एप्रिल 2019 मध्ये नामिबियातील स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने एकदिवसीय सामन्यांचा अधिकृत दर्जा मिळवला.

इथे क्यूबा या देशाची आठवण होते. तिथे बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच जिवाभावाचा खेळ. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील सरकारने व्यावसायिक खेळ बंद केला. त्यामुळे बाहेर जाऊन खेळू पाहणाऱ्याला बहुधा देशच सोडावा लागे. ओरलांडो हर्नांडेझ या नामवंत खेळाडूचा सावत्र भाऊ 1995 मध्ये परदेशी गेला आणि पुढच्याच वर्षी ओरलांडोवर मायदेशात खेळण्याची बंदी आली. डिसेंबर 1997 मध्ये तो होडीने समुद्रात निघाला. 1998 साली तो न्यूयॉर्कच्या यांकीज संघात होता आणि त्या संघाने त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले. सौरभला असे काही सोसावे लागले नाही. तो विद्यार्थी म्हणून गेला आणि घरी येण्याची वाट त्याला मोकळी राहिली. खेळाडू परदेशी गेला एवढे ऐकून सर्वांना एकाच मापाने मोजू नये, हे यावरून कळते.

6 जून 2024. अमेरिकेत डॅलसजवळ ट्वेन्टी-20 विश्वचषकाचा सामना होता, समोर पाकिस्तान आणि त्यांचा कर्णधार बाबर आझम! दोन्ही संघांच्या 159 धावा झाल्या, म्हणजे बरोबरी. अशा वेळी 'सुपर ओव्हर' होते. प्रत्येक संघाला एकच षटक मिळते आणि दोन गडी बाद झाले की डाव संपतो. अमेरिकेने 18 धावा केल्या. पाकिस्तानला रोखण्यासाठी चेंडू सौरभच्या हाती आला. त्याने 13 धावाच दिल्या आणि अमेरिका जिंकली. चौदा वर्षांपूर्वीच्या पराभवाचे उत्तर असे मिळाले.

12 जूनला न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्मालाही बाद केले. त्याच सामन्यात सूर्यकुमार यादवचा झेल त्याच्या हातून सुटला. सूर्यकुमारने नाबाद अर्धशतक केले आणि भारत जिंकला. हेही सांगितले पाहिजे, कारण खेळात दोन्ही दिवस एकाच सामन्यात येतात. तरीही अमेरिका पहिल्यांदाच विश्वचषकाच्या पुढच्या फेरीत पोहोचली. विशेष म्हणजे या सर्व काळात त्याची नोकरी चालूच होती. दिवसा सामना आणि नंतर संगणकासमोर काम!

पालकांनो, प्रत्येक मुलाला विश्वचषक मिळेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सौरभलाही त्याच्या अभ्यासानेच तारले. पण ज्या खेळावाचून त्याचे पोट अडणार नव्हते, तो त्याने जपला म्हणून वेळ आली तेव्हा त्याचा हात तयार होता.

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा भेलच्या कारखान्यात नोकरीसाठी महाराष्ट्रातून भोपाळला आले. येताना त्यांनी कुणी पेटी आणली, कुणी नाटकाची वही, कुणी भजनाचे टाळ. नोकरी सांभाळून त्यांनी हे सारे टिकवले, म्हणून आज आपण मराठीत हा अंक वाचत आहोत. घर बदलले तरी आवड सोबत नेता येते, हे आपल्या घरातच आपण पाहिले आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, अभ्यास मन लावून कराच. पण कपाटावरची बॅट रविवारी तरी खाली काढा. तुम्हा सर्वांना शुभेच्छा!