गुरूची कसोटी

निफाडहून नाशिकला जाणाऱ्या अनेक मुलांनी तेथील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान पाहिले असेल. लोक त्यास ‘गोल्फ क्लबचे मैदान’ असेही म्हणतात. आज ते क्रिकेटच्या सामन्यांसाठी प्रसिद्ध आहे. गोल्फ नावापुरताच उरला आहे.

लहानसा चेंडू काठीने टोलवून तो दूरच्या खळग्यात कमीत कमी फटक्यांत पोचवावयाचा, असा हा गोल्फचा खेळ आहे. तो शिकविण्याचा पेशा करणाऱ्यांची एक संस्था अमेरिकेत १९१६ साली स्थापन झाली. तिचा सभासद होऊ इच्छिणाऱ्यास इतर अभ्यासाबरोबरच मैदानावर स्वतः खेळूनही दाखवावे लागते. ज्याला शिकवावयाचे आहे, त्याने स्वतःच्या खेळाची परीक्षा का द्यावी?

या प्रश्नाचे एक उत्तर कुस्तीच्या आखाड्यात मिळते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक होय. खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे त्यांचे वडील दादासाहेब यांनी दिले, आणि ते स्वतः पहिलवान होते. कुस्तीचा डाव केवळ शब्दांनी कळत नाही. वस्ताद तो करून दाखवितो, तेव्हाच पकड कोठे घ्यावी हे शिष्यास उमगते. अजाण माणसाने चुकीचा डाव शिकविला, तर मुलाचा हातपाय मोडावयाचा!

परंतु दुसरे उदाहरणही विचार करावयास लावणारे आहे. मुंबईच्या शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकविणारे रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. तथापि सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी आणि प्रवीण आमरे हे त्यांचेच शिष्य. सराव करताना सचिन थकला, की आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने त्याला बाद केले तर नाणे गोलंदाजाचे. सचिन अखेरपर्यंत टिकला तर ते सचिनचे. शिष्याचे मन ओळखण्याची ही विद्या धावांच्या आकड्यांत दिसत नाही. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शिक्षकाने मोठे विक्रम केलेलेच असावेत, अशी अट असती, तर आचरेकरांना मैदानाच्या दारातूनच परतावे लागले असते.

मग परीक्षा नकोच काय? तसे नव्हे. आचरेकर विक्रमवीर नसले, तरी क्रिकेट खेळलेले आणि खेळ नीट जाणणारे होते. शिक्षकास खेळ यावा, एवढे पाहणाऱ्या परीक्षेस ते सहज उतरले असते. ती परीक्षा अवश्य असावी. मात्र तेवढ्यावरच शिक्षकाची योग्यता ठरवू नये.

निफाडच्या द्राक्षमळ्यातही हाच न्याय लागू पडतो. छाटणी शिकविणाऱ्यास कात्री चालविता आलीच पाहिजे. परंतु त्याची खरी पारख त्याच्या शिष्याने छाटलेल्या वेलीवरून होते.