सिमेंटच्या गावात चंदगडची माणसं

चंदगडहून कोल्हापूरला निघालेली सहलीची गाडी बहुतेकदा गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी अशी कर्नाटकात शिरते आणि कागलपाशी पुन्हा महाराष्ट्रात येते. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा ही ठरलेली ठिकाणं अजून पुढे असतात. त्याआधीच, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांजवळ, गाडी महामार्ग सोडून कणेरीकडे वळते. मठ जुना आहे, काडसिद्धेश्वर परंपरेचा, शैव. पोरांना त्याच्याशी फारसं कर्तव्य नसतं. त्यांना बघायचं असतं ते मठाच्या आवारातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. सुमारे ७ एकरांवर उभं केलेलं अख्खं गाव, त्यात ८० च्या आसपास प्रसंग आणि ३०० च्या आसपास माणसं. सगळी सिमेंटची.

हे गाव २००७ साली लोकांसाठी खुलं झालं. कल्पना मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींची. स्वतःची गरज स्वतः भागवणारं जुनं खेडं कसं होतं, ते पुतळ्यांतून दाखवायचं. म्हणून इथे बारा बलुतेदार आहेत आणि अठरा अलुतेदारही. लोहाराचा भाता, सुताराचा रंधा, कुंभाराचं चाक, चांभाराची आरी, न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेलं गिऱ्हाईक. विहिरीवर मोट चाललेली, बायका पाणी शेंदताहेत. घरात जात्यावर दळण, गोठ्यात जनावरं, दारात वासुदेव. पुतळे माणसाच्या उंचीचे आणि रंगवलेले, त्यामुळे जरा लांबून फसायला होतं. पहिल्यांदा आलेलं लहान पोर एखाद्या बैलाला वळसा घालून जातं, मग मागे बघतं आणि स्वतःशीच हसतं. ऋषींचं दालनही आहे, चरक, सुश्रुत, पतंजली वगैरे. तिथे मात्र पोरं भराभर पुढे सरकतात. दोष त्यांचा नाही. ध्यानस्थ माणसाचा पुतळा करणं सोपं, तो बघत उभं राहणं अवघड.

मौजेच्या मोठ्या ठिकाणांचं गणित वेगळं असतं. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकात 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने माणसाला उलटापालटा करतो. तिथे रांगेत थांबायचं, पट्टा बांधून घ्यायचा आणि किंचाळायचं. बाकी सगळं यंत्र करतं. कणेरीत काहीच हलत नाही. हलायचं काम बघणाऱ्याने करायचं, बोलायचं कामही त्यानेच.

आणि बोलणं तर अखंड चालू असतं. संग्रहालयात गेलं की आवाज खाली आणावा, ही शिस्त इथे कुणी पाळत नाही, पाळू नये. नातवंडांबरोबर आलेले आजोबा मोटेपाशी थबकतात आणि बैल मागे कसे सरकवायचे, सोंदूर कुठे बांधायचा, ते हातवारे करून सांगू लागतात. दोन म्हातारे शेजारी आले की वाद ठरलेला. एक म्हणतो, "असं धरत न्हाईत दावं." दुसरा म्हणतो, "तुमच्यात नसतील धरत." पाच मिनिटांत मागे गर्दी साचते आणि पुतळ्याला विसरून लोक त्या दोघांकडे बघायला लागतात. जात्यापाशी आज्जीबाईंचं राज्य असतं. खुंटा कुठल्या हाताने धरायचा, वैरण किती घालायची, हे त्या सुनेला सांगतात. सून मोबाइलवर फोटो काढत 'हां, हां' म्हणते. मला विचाराल तर इथला खरा कार्यक्रम हाच.

खेडं जपून ठेवायची युक्ती जगात जुनी आहे. स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलिउस यांनी १८९१ साली 'स्कॅन्सेन' उघडलं. स्वीडनच्या कानाकोपऱ्यांतली खरी घरं उचलून आणून तिथे मांडली आणि जुन्या पोशाखातली जिवंत माणसं त्यांत वावरू लागली. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रातही दक्षिणेतली जुनी घरं हलवून पुन्हा उभारली आहेत. या ठिकाणांपुढे कणेरीचं सिमेंट कुणाला नकली वाटेल, आणि वस्तू म्हणून ते नकलीच आहे. पण स्कॅन्सेनमधली पोशाखातली बाई तुमच्या प्रश्नाला उत्तर देते, म्हणजे जाणकार ती आणि पाहुणे तुम्ही. कणेरीतला लोहार गप्प असतो. त्याच्या वतीने कुणीतरी बोलावंच लागतं, आणि आपल्याकडे असं बोलू शकणारी पिढी अजून सहलीला येते.

आता तक्रारीचं. हे गाव फार गुण्यागोविंदाचं आहे. जो तो आपापल्या कामात समाधानी. कोल्हापूर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर असं गाव मांडावं यात एक गंमत आहे, कारण याच कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात बलुतेदारी मोडीत काढली आणि महार वतनंही रद्द केली. जन्माने गळ्यात पडलेलं काम सोडता यावं, हा त्यामागचा हेतू. त्याच्या थोडं आधी, १९१५ साली, त्रिं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा' आलं. महसूल खात्यात राहून खेडं आतून पाहिलेल्या या माणसाने बलुत्याचे गोडवे गायले नाहीत, वतनी हक्कांनी गाव कसा जखडला होता ते दाखवलं. सिमेंटमध्ये कौशल्य छान उतरतं, सक्ती उतरत नाही. न्हाव्याला दुसरं काही व्हायचं असेल तर, हा प्रश्न पुतळा विचारू शकत नाही; तो शिक्षकांनी विचारायला हवा. चंदगडच्या शिक्षकांकडे तर त्यासाठी घरचं कारण आहे. आपला तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे शाहू महाराजांचा हुकूम आपल्याला लागू नव्हता. इथली कनिष्ठ वतनं जायला मुंबई राज्याचा १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे सहलीतल्या काही पोरांच्या पणज्यांनी ते बलुतं खळ्यावर उभं राहून मागितलेलं असणार.

मठाभोवती आता बरंच काही वाढलं आहे. दवाखाना आहे, गुरुकुल आहे, गोशाळा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथे पंचमहाभूत लोकोत्सव भरला, माणसांची रीघ लागली, आणि त्याच दिवसांत शिळं अन्न खाल्ल्याने गोशाळेतल्या पन्नासहून अधिक गाई दगावल्याच्या बातम्या आल्या. आदर्श खेडं मांडणं आणि जिवंत जनावरं सांभाळणं, यांतलं अंतर त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं.

दुसरी तक्रार आमच्या बाजूची. हे गाव देशावरचं आहे. चंदगडचा पाऊस त्यात नाही. आमच्याकडे मोटेपेक्षा चिखल ओळखीचा: जुलैतली भाताची रोपलावण, ओळीने वाकलेल्या बायका, डोंगरउतारावरची नाचणी, रताळ्यांचे वरंबे, काजूच्या बिया भाजल्याचा घशात बसणारा धूर. मोटेपाशी बोलायला सुरुवात केलेले चंदगडचे म्हातारे म्हणून लवकरच तिथून सुटतात आणि पाठीवर इरलं घेऊन लावणीत उभं राहण्याच्या गोष्टीवर येतात. पुतळा समोर दुसऱ्याचा, गोष्ट आपली.

मठाने एक स्वस्तातलं काम करावं. प्रत्येक प्रसंगाशेजारी एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवावं. दावं कसं धरतात, वैरण किती घालतात, आमच्यात काय वेगळं होतं, हे येणाऱ्यांनी आपल्या बोलीत लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नातवंडांनी लिहून घ्यावं. बेळगावची, कागलची, शाहूवाडीची माणसं एकमेकांच्या नोंदी खोडतील, तेही चालू द्यावं. चंदगडच्या पानावर पहिल्यांदा इरलं कसं बांधायचं ते यावं: बांबूच्या काड्या किती, पानं कुठली, वीण कुठून सुरू करायची. ते सांगणाऱ्यांची वयं बघता वही या हंगामातच ठेवलेली बरी.