जुना बँड पुन्हा येणार का?

जुन्या रॉक बँडचा नवा अल्बम कधी येणार, दौरा कुठे होणार, यावर घरातली मुलं तासन्‌तास बोलतात. आम्हा ज्येष्ठांना हा रिकामा उद्योग वाटतो. पण त्या अंदाजांना आधार असतो.

मुंबईचा ‘इंडस क्रीड’ घ्या. १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाने तो सुरू झाला, १९९३ मध्ये नाव बदललं. १९९५ ला अल्बम आला आणि १९९७ ला बँड थांबला. मग २०१० मध्ये उदय बेनेगल यांच्यासह तीन जुने सदस्य पुन्हा जमले, जोडीला दोन नवे वादक घेतले, आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. दोन अल्बमच्या मध्ये तब्बल १७ वर्षं!

म्हणून चाहते दोनच गोष्टी बघतात: जुने लोक एकमेकांशी बोलतात का, आणि गेलेल्यांच्या जागी नवे मिळतात का.

भजन मंडळाचंही तसंच आहे. मुलं नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेली की टाळ-मृदंग शांत होतात. ‘मंडळ बंद पडलं’ असं मोहगावात कुणी म्हणण्याआधी आपण जुन्यांना फोन करू, नातवंडांना शेजारी बसवू. वाट पाहणारं कुणी असलं, तर थांबलेलं पुन्हा सुरू होतं.