नोंदीची पोच

बालाघाटच्या डोंगररांगेतील भूम-वाशीकडील एखाद्या वस्तीवर गर्भवतीचा रक्तदाब मोजून आरोग्यसेविका तो आपल्या टॅबमध्ये नोंदविते, त्या क्षणी तेथे मोबाइलची रेंज असेलच असे नाही. तथापि ती नोंद यथावकाश वरच्या दप्तरी आपोआप दाखल व्हावी, अशी तजवीज आरोग्यविषयक अॅपच्या रचनेतच करता येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आरोग्यसेविकांसाठी तयार करविलेले ‘अनमोल’ हे अॅप इंटरनेटवाचून नोंद घेते आणि संपर्क मिळताच ती पुढे पाठविते.

अशा व्यवस्थेत नोंद प्रथम यंत्रातीलच माहितीकोशात लिहिली जाते, आणि कचेरीतील जावक बारनिशीप्रमाणे तिला स्वतंत्र क्रमांक, वेळ व ‘पाठविणे बाकी’ असा शेरा मिळतो. मात्र अॅपला वाटेल तेव्हा जागे होण्याची मुभा नसते. रेडिओ-संपर्क वारंवार सुरू केल्याने बॅटरी खर्ची पडते, म्हणून अँड्रॉइड प्रणाली अनेक अॅपची कामे एकत्र उरकते. नियतकालिक कामास किमान पंधरा मिनिटांचे अंतर राखावयास लावते. आणि २०१५ पासून, बराच वेळ निश्चल पडलेल्या फोनमधील अशी कामे मधूनमधून येणाऱ्या अवधीपर्यंत तहकूब ठेविते. प्रयत्न फसल्यास पुढील प्रत्येक प्रयत्नापूर्वीची प्रतीक्षा सामान्यतः दुप्पट केली जाते, जेणेकरून आधीच अडचणीत असलेल्या सर्व्हरवर मागण्यांचा भडिमार होऊ नये.

खरी कसोटी याहून सूक्ष्म आहे. नोंद पोहोचली, परंतु तिची पोच परतताना संपर्क तुटला, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवील, आणि एका गर्भवतीच्या दोन गर्भवती होतील. हा अनर्थ तो स्वतंत्र क्रमांक टाळतो, कारण सर्व्हर त्यावरून पुनरावृत्ती ओळखतो. एकाच रुग्णाची माहिती दोन ठिकाणी बदलली गेल्यास पुष्कळ अॅप नंतरची नोंद ग्राह्य धरून आधीची पुसतात. वैद्यकीय मापनांच्या बाबतीत मात्र दोन्ही नोंदी जपणे हेच श्रेयस्कर, कारण वाढत गेलेला रक्तदाब आधीच्या आकड्यावाचून कळत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती असा टॅब आहे, त्यांनी बाकी नोंदींची संख्या शून्यावर येईपर्यंत अॅप काढून टाकू नये, त्यातील माहिती पुसू नये आणि बॅटरी वाचविण्यासाठी त्याचे पार्श्वभूमीतील काम बंद करू नये. आणि वरिष्ठांनीही विलंबाबद्दल सेविकेस जाब विचारण्यापूर्वी, तिने नोंद केव्हा केली आणि ती दप्तरी केव्हा पोहोचली, या दोन वेळांची रुजवात अवश्य घालावी.