बाहुलीचें लुगडें

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे तान्हा पोळा भरतो. चाकें लावलेले लाकडी नंदी दोरीनें ओढीत मुलें चौकांत जमतात. कोणाच्या नंदीवर झूल असते, कोणाच्या शिंगांना बेगड आणि गोंडे असतात, कोणाच्या गळ्यांत घुंगरांची माळ असते. गांवांतील वडीलधारी माणसें सजावट पाहून बक्षिसें देतात, आणि मग हीं मुलें घरोघर जाऊन आपला बोजारा मागतात. ही चाल १७८८ पासून १८१६ पर्यंत राज्य करणाऱ्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं घातली असें परंपरेनें सांगतात. चंद्रपूरचा मुलूख त्या वेळीं नागपूरकरांच्याच अमलाखालीं होता.

ह्या परीक्षकांचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. नंदी सागवानाचा आहे कीं साध्या लाकडाचा, झूल घरीं शिवलेली आहे कीं बाजारांतून आणलेली, आणि ती त्या बैलाच्या अंगाला शोभते कीं नुसती भरजरी आहे, हें सारें त्यांना पाहावें लागतें. जगांतील बाहुल्यांचे संग्राहक नव्या बाहुलीपुढें बसतात तेव्हां तेही याच प्रश्नांची उत्तरें शोधीत असतात. अलीकडे नामांकित वेषकारांनीं सजविलेल्या आणि नटनट्यांच्या नांवानें निघालेल्या बाहुल्यांची इतकी गर्दी झाली आहे कीं, त्यांची पारख कशी करावी हें जाणून घेणें घरांत एखादीच बाहुली असणाऱ्यांनाही उपयोगाचें होईल.

बाहुलीला वेषकाराचा हात लागणें ही गोष्ट नवी नाहीं. फ्रान्सच्या राजदरबारांतील पोशाखांचे नमुने इतर देशांत पाठविण्यासाठीं बाहुल्यांचा उपयोग होत असे. दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां कापडाचा दुष्काळ पडलेला होता, आणि पूर्ण आकाराचे पोशाख करणें पॅरिसच्या शिंप्यांना परवडण्यासारखें नव्हतें. त्यांनीं १९४५ सालीं तारेच्या सुमारें २७ इंच उंचीच्या बाहुल्या करून त्यांना आपले उत्तमोत्तम पोशाख घातले. ‘थिएत्र द ला मोद’ या नांवाच्या त्या प्रदर्शनाचें उत्पन्न युद्धपीडितांच्या मदतीस गेलें. त्या बाहुल्यांना ठळक चेहरा नव्हता; पाहणारानें कापड आणि शिलाई पाहावी एवढाच हेतु होता.

पुढें १९५९ सालीं अमेरिकेंत रूथ हँडलर या बाईंनीं साडेअकरा इंची बार्बी बाजारांत आणली, आणि बाहुलीच्या पोशाखांचा मोठा व्यापार सुरू झाला. १९६७ मध्यें ट्विगी या इंग्रज तरुणीच्या नांवाची बाहुली निघाली. १९९० मध्यें बॉब मॅकी यानें सोनेरी टिकल्यांच्या झग्यांतील बार्बी सजविली. आपल्याकडे २००९ सालीं कतरिना कैफ हिच्या नांवाची बार्बी आली, आणि २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास अनिता डोंगरे यांनीं घागरा-चोळींतील बाहुली सजविली.

नामवंतांच्या बाहुल्यांविषयीं जाणत्या संग्राहकांचें मत फारसें अनुकूल नसतें, आणि त्याला कारण आहे. बाहुलीचें डोकें साच्यांतून निघतें. नवा साचा करणें खर्चाचें, म्हणून पुष्कळ वेळां जुन्याच साच्यांतील चेहऱ्यावर डोळे आणि ओठ निराळे रंगवून नवें नांव दिलें जातें. ट्विगीच्या बाहुलीचें मुख केसी नांवाच्या दुसऱ्या बाहुलीच्या साच्यांतून काढलेलें होतें. म्हणून ज्याला साम्य हवें त्यानें खोक्यावरील छायाचित्र झांकून ठेवावें आणि मग बाहुली कोणाची तें ओळखून पाहावें. बहुतेक बाहुल्या ह्या परीक्षेंत नापास होतात.

वेषकाराच्या बाहुलींत प्रश्न चेहऱ्याचा नसून कापडाचा आहे, आणि तो अधिक मनोरंजक आहे. बार्बी ही माणसाच्या सुमारें सहाव्या हिश्शाची. नऊवारी लुगडें त्या मानानें दीड वाराचें होईल. लांबी-रुंदी अशी सहापट कमी करतां येते. परंतु सुताची जाडी तशी कमी करतां येत नाहीं. बाहुलीच्या कमरेला खऱ्या लुगड्याइतक्या निऱ्या खोंचल्या तर तिचें पोट सुजल्यासारखें दिसतें. शिवाय कापड खालीं पडतें तें स्वतःच्या वजनानें. पदर लांब असला कीं त्याचें वजन कापडाच्या ताठपणावर मात करतें. तोच पदर चार बोटांचा झाला कीं ताठपणा जिंकतो, आणि पदर खांद्यावरून पुठ्ठ्यासारखा बाहेर उभा राहतो. बार्बीची कंबर इतकी बारीक कां, याचें एक कारण हेंच सांगितलें गेलें आहे कीं, वर कपड्यांचे थर चढल्यावर ती प्रमाणांत दिसावी. डोंगरे यांनीं लुगड्याऐवजीं शिवलेला घागरा निवडला, तो कोणत्याही हेतूनें निवडलेला असो, या दृष्टीनें तो शहाणपणाचा ठरतो.

आतां ह्या जंगली मुलखाचें स्वतःचें वस्त्र घेऊं. नागभीड आणि आरमोरीकडे कोशाचें कापड होतें. ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पाल्यावर कोशाचे किडे वाढवितात, आणि त्या रेशमाची करवती कांठांची लुगडीं विदर्भांत प्रसिद्ध आहेत. कांठाची कड करवतीच्या दात्यांसारखी अंगांत शिरते. कांठाचे आणि अंगाचे धागे विणतांनाच एकमेकांत गुंतवावे लागतात. अशा लुगड्याचा तुकडा कापून बाहुलीला नेसविला तर एकेक दांता तिच्या तळहाताएवढा दिसतो, आणि खडबडीत कोशाचा पदर तर मुळींच पडत नाहीं. प्रमाणशीर दांते हवे असतील तर इंचांत सहापट धागे बसवावे लागतील. तें कोशाच्या सुताला शक्य नाहीं. तेव्हां वस्त्र खरें ठेवावें कीं दिसणें खरें ठेवावें, यांपैकीं एकच साधतें. बारीक मलमलीवर दांते भरून घेतलेली बाहुली दुरून अधिक हुबेहूब दिसेल. पण संग्रहासाठीं निवड करावयाची तर जाड कोशाचीच बरी. तिच्यांत निदान नागभीडचें कांहीं तरी असतें.

हीच कसोटी ‘आदिवासी बाहुली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला लावली कीं ती बहुधा टिकत नाहीं. भामरागडचे माडिया आणि जिवतीकडचे कोलाम यांना एकाच रंगीत चिंधींत गुंडाळून, हातांत एक सूप किंवा टोपली दिली कीं काम झालें असें समजणारे पुष्कळ आहेत. पोशाख कोणत्या गांवचा, कोणत्या प्रसंगाचा आणि कोणी शिवला, हें ज्या बाहुलीबरोबर लिहिलेलें नाहीं ती शोभेची असेल, नमुन्याची नव्हे. व्यंगचित्रकार शंकर यांनीं १९६५ सालीं दिल्लींत उघडलेल्या बाहुलीसंग्रहालयानें भारतीय वेषांच्या बाहुल्या आपल्याच कार्यशाळेंत करविल्या, त्यामागें हीच काळजी होती असें मानण्यास हरकत नाहीं.

राहिला खोक्याचा प्रश्न. न उघडलेल्या खोक्यांतील बाहुलीला बाजारांत अधिक किंमत येते, म्हणून पुष्कळ लोक ती कधींच बाहेर काढीत नाहींत. परंतु चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि अशा उकाड्यांत बंद खोकें हें बाहुलीचें रक्षण करीत नाहीं. मऊ प्लास्टिकांतील तेलकट द्रव्य पाझरून पाय चिकट होतात. बाहुली पुठ्ठ्याला बांधणारे रबर कुजून अंगावर डाग पाडतात. जुन्या बार्बींच्या कानांतील धातूच्या कुड्यांनीं कानांभोवतीं हिरवे डाग पडलेले संग्राहकांना ठाऊकच आहेत. म्हणून वर्षांतून एकदां तरी खोकें उघडून, रबर काढून, कुड्या वेगळ्या करून ठेवाव्या. किंमत थोडी उतरली तरी वस्तु वांचते. डांबराच्या गोळ्या मात्र जवळ ठेवूं नयेत, कारण त्यांच्या वाफेनें कांहीं प्लास्टिकें मऊ पडतात.

माळ्यावरच्या सागवानी नंदीला ह्यांतलें कांहींच लागत नाहीं. श्रावण संपत आला कीं त्याला खालीं काढतात, धूळ पुसतात, निसटलेलें शिंग पुन्हा चिकटवतात, आणि गेल्या वर्षींच्या झुलीला नवे गोंडे लावावे कीं झूलच नवी शिवावी यावर घरांत वाद सुरू होतो.